मिलिंग मशीनला खरी जागा दाखवणारी काचपट्टी

३ मार्च २००९
मी, वहीद अल-गिंदी, वाणिज्य पदवीधर, वय चोपन्न, शुब्रा अल-खैमा येथील आमच्या घरच्या साचे-कारखान्याचा व्यवस्थापक. जुनी सर्व्हो मिलिंग मशीन माझ्या देखरेखीखाली अचूक कशी झाली, याची नोंद राहावी म्हणून ही रोजनिशी. वाचणारा मीच, अतिशयोक्तीचे कारण नाही.
दोष सोपा. मोटर किती फिरली ते मशीनला समजते. टेबल प्रत्यक्षात कुठे पोहोचले ते समजत नाही, कारण मधला स्क्रू झिजला आहे. उपाय: टेबलालगत बारीक रेघांची काचपट्टी आणि तिच्यावरून सरकत रेघा मोजणारे यंत्र, म्हणजे वाचक.

५ मार्च
इंजिनियर नसीफ यांनी पट्टी बसवली. झाकण हवेच, हा त्यांचा हट्ट. वाचकाला रेघा दिसल्या नाहीत, तर टेबल हललेच नाही असे समजून मोटर जोर वाढवील आणि टेबल सुसाट सुटेल. अशा वेळी मशीन थांबवणारा अलार्म आहे. समजले. ऑडिटमध्ये मी याहून कठीण गोष्टी पचवल्या आहेत.

८ मार्च
अलार्म सारखा वाजतो. मशीन चालवणारा मेहुणा शहाता मला मानाने बे, म्हणजे साहेब, म्हणतो. तो म्हणाला, "वहीद बे, ही तुमच्या बहिणीसारखी आहे. उगाच ओरडत नाही, काहीतरी खुपतंय तिला." बहिणीचा उल्लेख आवडला नाही. सेटिंगमध्ये जाऊन अलार्म तात्पुरता बंद केला. उद्घाटनानंतर चालू करायचाच. निश्चय.

१२ मार्च, दुपार
उद्घाटन. मेंढा कापला. नव्या वस्तूला दृष्ट लागू नये म्हणून रक्ताचा पंजा उमटवतात. मशीन जुनी, नवी केवळ पट्टी. सबब पंजा पट्टीवरच हवा. झाकण काढून स्वतः उमटवला. पाचही बोटे सुबक आली.
शहाता ओरडला, "अहो बे, तिच्या चष्म्याला रंग फासताय!" सगळे हसले. पुसू का, असेही त्याने विचारले. पंजा पुसणे अशुभ, हे त्याला सांगावे लागते.
बहीण नगात मात्र हसली नाही. "शनिवारी माझा नवरा तिथे हात घालणार. आधी तू घालून दाखव." मला मांसवाटपाचे पाहायचे होते.

१४ मार्च
छोटी कामे. टेबल पंजापर्यंत जातच नाही. अचूकता अप्रतिम. रक्त वाळून काळे पडले आहे. शहाता आज विनोद करत नाही.

१५ मार्च, सकाळ
लांब साचा चढवला. शहाताने विचारले, "अलार्म चालू केलात ना, बे?" मी मान हलवली. मान हलवणे म्हणजे होकार, असे मी कुठेही म्हटलेले नाही.

१५ मार्च, दुपार
टेबल पंजापाशी आले आणि सुटले. टोकाच्या अडसरावर आदळले. शहाताचा हात मध्ये होता.

२६ मार्च
बोटे राहतील, मूठ वळेल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. नसीफ मोटर सोडवून गेले. टेबल आता हातचाकाने सरकते. कारागीर मशीनजवळ येत नाहीत, म्हणून चाक मी फिरवतो. शहाता गळ्यात हात बांधून शेजारी बसतो. "अजून थोडं... हळू, बे, पीठ दळताय का?"
आज नगात त्याचा डबा घेऊन आली. तिच्यासमोर त्याने शांतपणे विचारले, "बे, त्या दिवशी अलार्म वाजला कसा नाही हो?"
सांगण्यासारखे माझ्याकडे बरेच होते. मी चाक फिरवत राहिलो. तो दोनदा "बास" म्हणाला.
साचा वाया गेला.

वहीद अल-गिंदी
व्यवस्थापक
शुब्रा अल-खैमा, २६ मार्च २००९