दाजींनी कॉफीला हात लावायचा नाही

वादी मूसा,
४ एप्रिल

प्रिय वदहाताई,

सलाम. आई बरी आहे, एक गुडघा सोडला तर. पत्र तुमच्या करकच्या बसवाल्याबरोबर धाडतोय, कारण हे फोनवर मला बोलवणार नाही.

तू नेहमी म्हणतेस ना, पेट्राच्या कुशीत वाढले पण लग्न झाल्यापासून एकदा धड पाहिलं नाही? मग या गुरुवारी याच. सगळं ठरवून ठेवलंय. शुक्रवारी उजाडता उजाडता घळीतून आत शिरू, ऊन तापायच्या आत वरच्या मठाशी. तू माझ्या खेचरावर बस. कॉलेज सोडल्यापासून मी त्यालाच शिकवतोय, आणि आमच्या सरांचं मी ऐकायचो त्यापेक्षा ते माझं जास्त ऐकतं. (या विषयावर उत्तरात काही नको.)

दाजींना मात्र आणायचंच. चढवत नसेल तर चढू नका म्हणावं. त्यांचं काम खाली गावातच आहे.

काम म्हणजे, मठाजवळ अबू नवाफकाकांचा चहाचा तंबू आहे. त्यांची मुलगी मैथा तिथे चहा करते. मी दिवसातून चारदा पितो. आता मला चहा किती आवडतो हे तुला ठाऊकच आहे.

परवा कळलं, माआन शहरातला कुणी दुकानदार तिला मागणी घालणार. माझं डोकंच फिरलं! ना चुलते, ना कुणी वडीलधारं, मी एकटाच तडक त्यांच्या घरी. काकांनी कॉफी पुढे केली, मी एका घोटात संपवली आणि म्हणालो, "काका, एक मागणं घेऊन आलोय."

"छे रे," ते म्हणाले, "मागणं असलेला माणूस होकार मिळेपर्यंत पेला उचलत नाही. तू तर चाटूनपुसून प्यालास. म्हणजे तुझं काही मागणं नाही. अजून घालू?"

पडद्याआडून मैथा म्हणाली, "कॉलेज मधेच सुटतं, पेला सुटत नाही होय रे?"

मी ताडकन उठलो. काका दारापर्यंत आले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तर खांद्यावर हात ठेवून विचारतात कसे, "करकचे तुझे दाजी बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत रे?"

"येणारेत, शुक्रवारी," मी ठोकून दिलं.

"बरं झालं. शुक्रवारपर्यंत मी कुणालाच शब्द देत नाही."

ताई, तेव्हापासून खेचरसुद्धा माझ्याकडे बघून हसतंय असं वाटतं. जुम्म्याची नमाज झाली की दाजींनी फक्त चारचौघांना घेऊन काकांच्या घरी बसायचं. 'पोरगा तापट आहे,' एवढं त्यांनी खुशाल सांगावं. ते तिला माहीत आहे, आणि तरी चहात साखर ती माझ्या मनासारखीच घालते.

दाजी नाही म्हणाले तर मात्र कळवू नकोस. वाट बघण्यातही सध्या मला फार बरं वाटतंय.

गुरुवारी दुपारपासून करकच्या रस्त्यावर उभा असणारा,
तुझा
मुतलक