वैशालीचं वजन

४ नोव्हें. १९९४, बदलापूर
ऑफिसातून थेट मैदानावर. मंडळाच्या मुलींच्या कबड्डी संघाची मॅनेजर झाले त्याला महिना झाला. सोबत बाईमाणूस हवं म्हणून घेतलं. कोच घरत सर. मंडळातले सगळे कप त्यांनीच आणलेले. आज मुलींना भुसाराच्या दुकानात नेऊन काट्यावर उभं केलं. वैशाली, दहावीतली, चढाई तिच्यासारखी कुणाची नाही. गटाच्या वजनमर्यादेपेक्षा दोन किलो जास्त भरली. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "म्हशीचं मैदानात काय काम?" दुकानदार हसला. मुली हसल्या. वै.सुद्धा.

९ नोव्हें.
ऑफिसला अर्धी रजा. वै. भर दुपारी स्वेटरवर रेनकोट घालून पळतेय. वजन उतरवायला. पाणी बंद. थांबली की पोटरीवर छडी. मी बाटली पुढे केली तर तिनेच मान हलवली. सरांना म्हटलं, आजारी पडेल.
"ताई, तुम्ही प्रवासाचं बघा. खेळ माझ्यावर सोडा."
बसले मग मी बाकावर.

११ नोव्हें.
वै. पळता पळता कोसळली. शुद्ध नव्हती. रिक्षात घालून दवाखान्यात. सलाईन. डॉक्टरांनी पोटऱ्यांवरचे वळ बघितले, "हे कशाने?" ती म्हणाली, पडले. मी म्हटलं, छडीने. तिने तोंड भिंतीकडे केलं.

१२ नोव्हें.
वै.च्या घरी, मांजर्लीला. आई एकटी, पॅकिंगच्या कामाला जाते. मला वाटलं होतं चिडेल. चहा दिला, म्हणाली, "सर मारतात ते बऱ्यासाठीच. त्यांच्या हाताखालच्या दोघी खेळावर नोकरीला लागल्या. आमच्यात कोण लागलंय आजवर?" वै. कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. "ताई, कमिटीच्या मीटिंगमध्ये हा विषय नका ना काढू. टीममधून काढतील मला."
घरी यांना सांगितलं. हे म्हणाले, तिला नको तर तू कशाला. खरं आहे. पण...

२० नोव्हें.
कमिटीची मीटिंग. बोलले. अध्यक्ष म्हणाले, "आम्ही काय मार खाल्ला नाय आमच्या मास्तरांचा?" डॉक्टरांना सोबत नेलं होतं. ते मोजकंच बोलले: असं पाण्याविना पळवलं तर पोरगी जागच्या जागी जाईल, मग कप कुठे ठेवाल ते ठरवा. ठरलं: छडी बंद, पाणी कुणाचं तोडायचं नाही, प्रॅक्टिसला रोज मी हजर.
घरत सर शांतपणे म्हणाले, "मग तुम्हीच शिकवा." आणि गेले.

२८ नोव्हें.
घ. सर उल्हासनगरच्या एका क्लबात गेले. चार मुली त्यांच्यामागून. वै. पण. आमच्याकडे जेमतेम एक संघ उभा राहील एवढ्या उरल्या. अध्यक्ष रस्त्यात भेटले, नमस्कारही नाही. वै.चा राग येत नाही. आला असता तर सोपं गेलं असतं.

१० डिसें.
उल्हासनगर. त्या क्लबचे शेठ सिंधी, कापडाचं दुकान. भेटायला गेले, घ. सरांचा विषय काढला.
"मॅडम, कोच तो अच्छा है, सब बोलते हैं।"
मी म्हटलं, अच्छाच आहे. म्हणूनच कुणी काही बोलत नाही. छडीचं सांगितलं, सलाईनचं सांगितलं. शेठ माप घेता घेता थांबले. त्यांची धाकटी तिथेच खेळायला जाते, हे त्यांनीच सांगितलं.
"शनिवार को आके बैठो। मैं सर को बोल देता हूँ, कोई हाथ नहीं उठाएगा।"
रोज का नाही, ते मीही विचारलं नाही. ऑफिस आहे, आणि आमच्या मुली आहेत.

१७ डिसें., शनिवार
आमच्या मुलींची प्रॅक्टिस सकाळीच उरकली. उल्हासनगरला जाऊन कठड्यावर बसले. घ. सर माझ्याकडे बघेनात. हात रिकामे होते. वै. खूप वाळलीय, गालफडं बसलीत. चढाईत मात्र तिघींना मारून आली. मध्येच पाणी प्यायला माझ्याजवळ आली. सावकाश प्याली, पूर्ण ग्लास.
"ताई, रोज येणार?"
"शनिवारी."
"हां."
बाकीच्या दिवशी पाणी मिळतं का, विचारणार होते. तेवढ्यात सरांनी तिचं नाव घेतलं. ग्लास माझ्या हातात देऊन पळाली.