तळाच्या सगळ्या बिंदूंची बेरीज

बुधवार, ६ ऑक्टोबर २००४

संध्याकाळी भाची मुग्धा बिबवेवाडीहून लॅपटॉप घेऊन आली. मोटारीच्या बंपरमागची, धक्का झेलणारी नळी संगणकावर चिरडायची आणि ती किती जोर सोसते ते सांगायचं, हे तिचं काम. मी जन्मभर अशाच नळ्या प्रयोगशाळेत खऱ्या यंत्राखाली चिरडल्या. तिचा आलेख पाहून डोकंच उठलं. एवढी जाड नळी, आणि जोर पत्र्याच्या डब्याइतका?

संगणकात नळी म्हणजे हजारो बिंदूंची जाळी; वरून आपण ती फक्त ठरलेलं अंतर दाबतो. जोर तळाकडून उलट मिळतो. तळाच्या सगळ्या जखडलेल्या बिंदूंवरच्या जोराची बेरीज करायची. हिने एकच बिंदू वाचला. एकच!

"अगं मावशी, आमच्या ऑफिसातल्या सरांच्या जुन्या फाइलीत तसंच आहे."

"त्या फाइलीत सगळा तळ एका बिंदूला बांधलेला असणार, म्हणून तिथे एक पुरला. इथे आहे का? की सरांना विचारून डोळे उघडायचे?"

बेरीज केली तेव्हा आलेख ताळ्यावर आला. तिने सरांना फोन लावला. ते म्हणाले, रिपोर्ट दुपारीच ग्राहकाकडे गेला, आता गप्प राहा.

"जोर कमी दिसला म्हणून ग्राहक नळी अजून जाड करेल," ती म्हणाली. "म्हणजे सुरक्षितच ना?"

"नाही. नळी दुमडली नाही, तर धक्का आत बसलेल्या माणसांना बसतो."

ती पांढरीफटक पडली. रिपोर्टवर नाव तिचं आहे, त्या शहाण्याचं नाही. "मीच ग्राहकाला कळवू का?" तिने विचारलं. पुढच्या महिन्यात कंपनी तिला जर्मनीला पाठवणार आहे. सगळ्यांवर तोंड टाकणारी मी, मला हो म्हणता आलं नाही. म्हटलं, "आधी जेवून घे."