उजवा खांदा

कळमेश्वर, मार्च १९८८

प्रिय ताराचंद,

इथं एका कारखान्यात बाटल्या धुऊन राहिलो. साबणानं बोटं सोलून निघाली. मायले सांगतो, मजेत आहे. तुले खोटं काहून सांगू?

सदर मोहल्ल्यातल्या व्हिडिओ पार्लरमधी कराटेच्या खेळाची मशीन आली, तेव्हा तू येडा झाला होता गा. बटणं बडवत सुटायचा अन् आडवा व्हायचा. तुले मीच शिकवलं. मारायची घाई नको करू. समोरच्याची लाथ जिथवर पोचते, त्याच्या जराशा बाहेर उभा राहा. त्याले वाटू दे, आता लागते. लाथ हुकली का पाय खाली यायच्या आत घूस अन् ठेव एक. सारा खेळ त्या अंतराचा. तू मात्र माझीच खोड पकडली. रुपराव, घुसायच्या आधी तुझा उजवा खांदा उचलते म्हणे! पोट धरधरून हसलो आपण. मले फिकर नव्हती. पडद्यावर खांदा थोडाच दिसते? अन् तुझ्याशिवाय कोणाले माहीत होतं?

मग मालक मनोहररावांनी जाहीर केलं, जो जिंकल त्याले पार्लर सांभाळायची नोकरी. शेवटी मी अन् देवाजी उरलो. पहिला डाव मी आरामात घेतला. मधात तू देवाजीसंग पानठेल्यावर गेला. मले वाटलं, त्याले चिडवाले गेला असशील. परत आल्यावर तो पडद्याकडे पाहेच ना! मशीनपुढं बाजूलेच तर उभा, माझ्या खांद्यावर नजर लावून. मी घुसलो का तो आधीच मागं सरकलेला, अन् वरून लाथ. दरवेळी माझ्या पाठीशी राहणारा तू, त्या दिवशी भिंतीशी मान खाली घालून उभा. नोकरी गेली ते गिळलं असतं गा. पण तू? माझ्या मायच्या हातचं जेवलेला तू? असा संताप झाला, का तुझं तोंड पाहू नये. अजून तसाच आहे.

काल माय तुझा निरोप घेऊन आली. तुझं लग्न ठरलं, पोरगी देवाजीची बहीण प्रेमलता. तेव्हा डोक्यात उजेड पडला, माझ्या खांद्याची खोड त्याले कशापायी सांगितली ते. वरून अंतरपाट मीच धरावा म्हणतो. लाज कशी नाही वाटली रे? येईन मी, त्या पोरीचा काय गुन्हा? पण अंतरपाट दुसऱ्या कोणाले धराले सांग. मी मांडवाच्या टोकाशी उभा राहीन, अक्षता तिथूनच टाकीन. तू गळ्यात पडाले पुढं आला, तर मागं सरकीन. किती, ते तुले शिकवलंच आहे.

कधीकाळी तुझाच,
रुपराव