डबीतला खडा

गंगाखेड,
वैशाख, फसली १३५१

प्रिय मन्मथ,

तुझं कार्ड पोचलं. शिवम्मावहिनींनी पाठवलेलं लोणचंही पोचलं, निम्मं संपलंसुद्धा. पण सोन्याचा खडा घेऊन तू सोमवारी हैदराबादला निघतोयस, तिथले प्रोफेसर तो भिंगाखाली पाहणार, हे वाचलं आणि फुंकणी बाजूला ठेवून लिहायला बसलो.

रायचूरकडच्या खाणीत कामाला असलेल्या तुझ्या मामांनी तो आणला, तेव्हा तू तीन दिवस शाळेत शिकवायला गेला नाहीस. चारठाण्याच्या रानातून वेचलेले तुझे सगळे दगड त्यापुढे फिके पडले. बोटाच्या पेराएवढी पांढरी गारगोटी आणि तिच्यावर उगवल्यासारखी सोन्याची बारीक पानं, कडा कशा सरळ. हे जमिनीत आपोआप होतं, असं तू शंभरदा सांगितलंस. मी सोनार माणूस, साच्याशिवाय असं काही होतं हे मला पटेचना, म्हणून तुझी थट्टा करत राहिलो.

मग डबीला काचेचं झाकण बसवायला तो तू माझ्याकडे दिलास. जाताना बजावलंस, "बन्सी, याला आग दाखवू नको." तरी मी दाखवली. तावून पाहिल्याशिवाय आमच्या धंद्यात सोन्याला सोनं म्हणवत नाही. एकच फुंकर, असं मनाशी म्हणालो. गारगोटी तडकली आणि पानं पाघळून त्यांचे थेंब झाले.

चार दिवस आजाराचं सांगून दुकान बंद ठेवलं. त्याच सोन्याची पानं कातरली, कडा घासल्या, दुसऱ्या गारगोटीवर लाखेने बसवली. आठ वर्षं तू जो खडा जपतोयस तो माझ्या हातचा आहे. माझ्यासमोरच तू लोकांना सांगायचास, "हे माणसाच्या हातून व्हायचं न्हाई." मन्मथ, तेव्हा मला बरं वाटायचं. तुला फसवल्याची लाज आहेच, पण बरं वाटलं याची जास्त आहे.

भिंगाखाली लाख दिसेल, आणि चार जाणत्या माणसांत तुझी मान खाली जाईल. म्हणून हे पत्र मेहुण्याच्या, आश्रुबाच्या हाती पाठवतोय. त्याच्याजवळ कापसात गुंडाळलेलं एक पान आहे. गारगोटीच्या खालच्या अंगाला होतं, तेवढंच वितळलं नाही. मामांच्या खड्यातलं, जमिनीतच घडलेलं खरं पान ते. प्रोफेसरांना ते दाखव. त्याच वेळी तुला परत द्यायला हवं होतं, पण रोज दुकान आवरल्यावर मीच ते बाहेर काढून पाहत बसायचो, आणि ते मला देववलं नाही.

तू म्हणू दिलंस तर अजूनही तुझाच,
बन्सीधर