शिकलगार म्हणजे शिकलेला

अब्बा, तुमच्या नातीनं गेल्या महिन्यात शाळेतून नवा उद्योग आणला. घराण्याचा जुना धंदा शोधून वहीत लिहायचा. "मम्मी, व्हॉट वॉज नाना?" मी म्हटलं, शिकलगार. "मतलब?" आता हिला कुठल्या भाषेत सांगू, या विचारात तोंडून तुमचंच वाक्य गेलं, शिकलगार म्हणजे शिकलेला.

मी लहान होते तेव्हाची गोष्ट. तुम्ही सुट्टीवर घरी आलायत. मदिनेच्या हॉटेलात वर्षभर सुऱ्यांना धार लावून आलेला माणूस, तरी दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात धारेचं चाक मांडून बसलाय. अम्मीची विळी झाली, शेजारणींचे अडकित्ते झाले. तुम्ही चहाला उठलात आणि मी चाकापाशी जाऊन बसले. केवढ्यानं ओरडलात! "ऊठ तिथनं! शिकलगार म्हंजे शिकलेला. पुस्तक घे हातात." मी खरंच मानलं हो ते. बँकेत लागले तेव्हाही मनात हेच, की मी शिकलेल्यांच्या घरातली. तुमच्या इकाम्यावर, तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, मात्र नुसतं 'आमिल', कामगार. तुमचा मुदीर, हॉटेलचा मॅनेजर, कधी नावानं हाक मारायचा नाही, "यल्ला, आमिल!" म्हणायचा, चल रे कामगार. त्याची नक्कल करून तुम्ही आम्हाला पोट धरून हसवायचात. आता ते आठवलं की मेलं हसू येत नाही.

वहीसाठी म्हणून गावी फुफूला, तुमच्या बहिणीला, फोन केला. ती म्हणाली, "अगं, शिकण्याशी काय संबंध? आमचे आजोबा सैकलगर म्हणायचे. लोकांच्या तोंडी शिकलगार झालं." दुसऱ्या दिवशी इथे रियाधच्या ऑफिसात शेजारच्या सौदी बाईंना विचारलं, तर त्या चमकल्याच. सैकल? हा तर आमचा शब्द, म्हणाल्या, तलवारीला धार नि झिलई देणारा, जुन्या काळी मोठा मान होता त्याला. अब्बा, ऐकताय ना? तुमचा हुद्दा त्यांच्याच भाषेत होता हो! उभा जन्म त्यांच्या सुऱ्या घासल्यात, त्यांनी तुम्हाला आमिल म्हटलं, आणि तुम्हालाही ठाऊक नव्हतं. बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले मी.

तुम्ही गेलात तेही मदिनेतच, मला इथे नोकरी लागायच्या आधी. परवा आम्ही तिथे जाऊन आलो. बायकांना कब्रस्तानात आत सोडत नाहीत. तुमचा जावई आत गेला, मी भिंतीबाहेर. म्हटलं, इथूनच ओरडून सांगावं, अब्बा, तुम्ही सैकल होता. मग तुमचा तो चाकापाशी ओरडतानाचा चेहरा आठवला. तलवारीचा मान तुम्हाला कुठे हवा होता, तुम्हाला मी शिकलेली हवी होते. भिंतीला हात लावला आणि मागे फिरले.

लेकीच्या वहीत 'शिकलेला' असंच लिहिलंय. तिच्या बाईंनी लाल रेघ मारली तर मारू दे. मी काही दुरुस्त केलं नाही. खरा अर्थ सापडलाय, हे घरात अजून कुणालाच बोलले नाही, अब्बा. पहिल्यांदा तुम्हाला सांगायचं होतं.