दिवाशेपट्याचे डोळे

मी, निशा मनोहर कोत्तावार, वय चौसष्ट, राहणार आलापल्ली, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. हृदय जरा मोठे झाले आहे असे डॉक्टर म्हणतात. डोके मात्र जागेवर आहे.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव माझी एकुलती मुलगी दिव्यानी हिला मिळावी. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. विकण्याआधी मागच्या मोहाच्या झाडाखाली एक दुपार बसून घ्यावे, एवढेच.

२. माझे प्राणी. हे कुठल्याच जंगलात नाहीत. वारुळाची माती, भिजवलेल्या वर्तमानपत्रांचा लगदा आणि मेथी घातलेली खळ यांतून मी ते तीस वर्षे करत आले. माझे पती वनपाल होते. ते दिवसभर खरी जनावरे बघून येत. देवाकडून करायची राहून गेली ती मी घरी करी. न्हाणीच्या खिडकीत शिंगे असलेले कासव आहे, पलंगाखाली सागाच्या पानांचे पंख लावलेला रानगवा. ऊन तिरपे झाले की त्यांच्या सावल्या भिंतीवरून एकामागून एक चालू लागतात, आणि मी हातातले काम विसरते.

हे सर्व दिव्यानीने, तिला वाटेल तसे, ओळखीच्या लहान मुलांत वाटावेत. अपवाद एक. माझे दीर गुणवंतराव या प्राण्यांना 'भुताटकी' म्हणत आणि पाहुणे आले की प्राण्यांवर चादर टाकत. दिरांना तीन डोक्यांचे घुबड द्यावे. चादर देऊ नये.

३. माझी हत्यारे, म्हणजे केसांचे आकडे, मोडका उलथना आणि दातांच्या डॉक्टरांकडून मागून आणलेली सळई, गावातल्या मुलींच्या शाळेला द्यावीत. सोबत गुंजांची डबीही. डोळे गुंजेचेच करावेत, आणि सर्वांत शेवटी. लहानपणी चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये नीतिशिक्षणाच्या तासाला मी बाकाखाली चिखलाचा शिंगवाला देवदूत करत होते. सिस्टरांनी मला वर्गाबाहेर उभे केले. मग स्वतःही बाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "डोळे दिलेस की तो तुझ्याकडे बघणार. तेवढी तयारी झाली की दे."

४. (हे कलम खोडले आहे. पुरवणी पाहावी.) दिवाशेपट्या. जवळच्या पाड्यावरची सुकरी वेलादी दर हिवाळ्यात मला वारुळाची माती आणून देई. मुंग्या सोडून गेलेले वारूळच ती फोडी, आणि आधी तिथे मूठभर तांदूळ ठेवी. तिची मैनी सात वर्षांची होती. नाल्यावर एक जनावर येते, असे ती आईला सांगायची: अंगावर खवले, कान सशाचे, आणि शेपटीच्या टोकाला दिवा, मागे राहिलेल्यांना वाट दिसावी म्हणून. त्याच वर्षी पावसाळ्यात मैनी तापाने गेली. पुढे एकदा माझ्या पायरीवर बसून सुकरीने हे मला सांगितले.

मी ते जनावर केले. तिला न विचारता चंद्रपूरच्या प्रदर्शनात पाठवले. बक्षीस मिळाले, आणि पेपरात फोटोखाली छापून आले, 'श्रीमती कोत्तावार यांची कल्पना'. सुकरी टोपली घेऊन आली. बसली नाही.

"बाई, मैनीनं ते मलेच सांगतलं होतं. मी तुमाले सांगतलं. तुमी साऱ्यायले काऊन सांगतलं?"

मी बक्षिसाचे पाकीट पुढे केले. आयुष्यात केलेल्या चुकांत ही मला सर्वांत मोठी वाटते. तिने माती अंगणात ओतली आणि ती गेली. अकरा वर्षे झाली. त्या दिवशी मी दिवाशेपट्याचे डोळे काढून ठेवले, कारण तो माझ्याकडे बघत होता.

माझ्यामागे तो त्याच्या दोन गुंजांसह सुकरीला द्यावा. तिने नाकारला, तर नाल्याच्या काठी ठेवून यावे.

पुरवणी, त्याच दिवशी. साक्षीला दोन माणसे हवीत म्हणून मी निवृत्त वनरक्षक पोचूभाऊंना बोलावले. दुसरा माणूस मीच आणतो, असे ते म्हणाले होते. त्यांनी सुकरीला आणले. केस माझ्याइतकेच पांढरे झाले आहेत तिचे.

मी सगळे वाचून दाखवले. चौथ्या कलमाशी आल्यावर मी कागद पोचूभाऊंच्या हातात दिला आणि उरलेले त्यांनी वाचले. मग मी वकिलांचे म्हणणे सांगितले, की ज्याला या कागदाने काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये. तेव्हा सुकरीने अंगठा दिला नाही तरी चालेल, दुसरे कोणी बघू.

सुकरी बराच वेळ दिवाशेपट्याच्या कानांवरून बोट फिरवत राहिली.

"म्हंजे तुमी मरस्तोवर मी वाट पाहू का?" ती म्हणाली. "आत्ताच द्या ना, बाई."

मी दिला. तिने गुंजा मागितल्या, खळीत बुडवल्या आणि स्वतः बसवल्या. डावा डोळा थोडा तिरपा लागला आहे. आता तो कसा बघतो ते मला दिसले नाही. त्याचे तोंड तिच्याकडे होते. तिने त्याला पदरात गुंडाळून टोपलीत ठेवले आणि म्हणाली, "वारूळ पाहून ठेवलं हाये. माती आणून देतो."

सबब कलम चार मी स्वतः खोडले आहे. ती वस्तू आता माझ्या मालमत्तेत नाही.

वरील सर्व मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही करून कायम करते.

(सही) निशा मनोहर कोत्तावार

साक्षीदार:
१. पोचू आत्राम (सही)
२. सुकरी वेलादी (अंगठा, शाईत खळ मिसळली आहे, खाडाखोड समजू नये)

आलापल्ली, दिनांक २ फेब्रुवारी २०२५